ब्राउनी, ताडी, खसखस, ज्येष्ठमध: खाण्यात लपवलेलं ड्रग लॅबमध्ये शोधताना या चुका टाळा

पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका पोलीस ठाण्यातून आमच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये सात ब्राउनी आल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत सील केलेल्या, वर लाखेची मोहर, पंचांच्या सह्या, कागद सगळे चोख, आणि आत पांढरी-हिरवी बुरशी. नऊ दिवस मुद्देमाल खोलीत पडून होत्या. सेक्शनला नवीनच आलेल्या मुलीनं आधी तुपकट भाग काढायचा म्हणून एक तुकडा हेक्झेननं धुतला, हेक्झेन वेस्टच्या बाटलीत ओतलं, उरलेल्या चोथ्याचा मेथनॉलमध्ये अर्क काढला आणि जीसी-एमएसवर, म्हणजे पदार्थातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या मशीनवर, लावला. कॅफिन आलं, थिओब्रोमिन आलं, म्हणजे चॉकलेट आहे एवढं कळलं, बाकी काही नाही. ती निगेटिव्ह लिहायला बसली होती तेवढ्यात मी विचारलं, अगं हेक्झेन कुठंय? तर टीएचसी, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य, सगळं त्या हेक्झेनबरोबर वेस्टमध्ये गेलं होतं, कारण ते तुपातच विरघळतं, पाण्यात नाही. दुसरा तुकडा घेऊन नीट केलं तर टीएचसीचं पीक, म्हणजे मशीनच्या आलेखावरचा उंचवटा, एवढं मोठं आलं की सॅम्पल पातळ करून परत लावायला लागलं.

तिला रागावलो नाही, कारण तिला कॉलेजात जे शिकवलं होतं ते अल्कलॉइडसाठी, म्हणजे मॉर्फिन, कोकेनसारख्या द्रव्यांसाठी, एकदम बरोबर होतं. चूक ही झाली की तिनं ड्रगचा विचार केला, ब्राउनीचा केलाच नाही. आणि इतकी वर्षं हे काम करून मला वाटतं की खाण्याच्या एक्झिबिटमध्ये, म्हणजे पुरावा म्हणून आलेल्या पदार्थांत, ज्या काही गडबडी होतात त्यातल्या बहुतेकांचं मूळ हेच आहे, आपण पुडीतली पावडर आली असावी तसं वागतो आणि समोर असतं लोणी, साखर, जिलेटिन, आंबणारी ताडी. आधी पदार्थ ओळखायचा, मग त्यात काय शोधायचंय ते. खाली लिहितोय ते तपास अधिकाऱ्यांसाठी पण आहे, लॅबच्या नव्या पोरांसाठी पण, आणि थोडं घरच्यांसाठी पण.

चाखून बघणं

हे आधी सांगतो कारण जिवाशी खेळ आहे. पिक्चरमध्ये इन्स्पेक्टर करंगळीला पावडर लावून जिभेवर ठेवतो ते डोक्यातून काढून टाका. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये एका धर्मादाय संस्थेनं गरजूंना वाटलेल्या अन्नाच्या पाकिटांत अननसाच्या गोळ्या निघाल्या, रॅपर अगदी नेहमीच्या गोळीचं, आणि आत साखर नाहीच, जवळजवळ ३ ग्रॅम मेथॅम्फेटामिन, म्हणजे एका माणसाच्या डोसच्या कित्येक पट. ज्यांनी तोंडात टाकली त्यांना चव घाण लागली म्हणून थुंकली आणि म्हणून वाचले. घरी असं काही संशयास्पद सापडलं, चॉकलेट कडू लागलं, पाकिटाचं सील परत चिकटवल्यासारखं वाटलं, तर चाखू नका, हुंगत पण बसू नका, लहान मुलांपासून लांब ठेवा, रॅपरसकट तसंच एका डब्यात ठेवा आणि पोलिसांना कळवा. कुणी आधीच खाल्लं असेल तर पुराव्याचं नंतर बघू, आधी दवाखाना.

कलर टेस्टच्या किटवर सगळी भिस्त

फील्ड किट, म्हणजे रंग बदलतो का ते जागेवरच बघायचं किट, वाईट नाही, पण ते पावडरसाठी बनवलंय. त्यातल्या मार्क्विस रिएजंटमध्ये कडक सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि ॲसिडात साखर पडली की ती जळून तपकिरी-काळी होते, आता मेथॅम्फेटामिनला रंग येतो नारिंगी-तपकिरी आणि एमडीएमएला (एक्स्टसीच्या गोळीतलं ड्रग) काळसर, मग रात्रीच्या दोन वाजता टॉर्चच्या उजेडात पेढ्याचा कण टाकून जो रंग दिसतो त्यावर तुम्ही काय ठरवणार? २०१५ मध्ये अमेरिकेत ऑर्लॅंडोला हेच झालं, एका वयस्कर माणसाच्या गाडीत पांढरे कण दिसले, रस्त्यावरची टेस्ट पॉझिटिव्ह आली, माणूस आत, आणि लॅबमध्ये तपासल्यावर कळलं की ती डोनटवरची साखर होती. २०१७ मध्ये शहराला त्याला ३७,५०० डॉलर भरपाई द्यावी लागली. पैसे मिळाले ठीक आहे पण त्या माणसाची कोठडीतली रात्र कोण परत देणार.

गांजा-चरसच्या ड्यूकेनॉइस-लेव्हिन टेस्टमध्ये पण एक टप्पा लोक सर्रास गाळतात. जांभळा रंग आला की झालं म्हणतात. पण कॉफीसारख्या पदार्थानं पण वरच्या थरात तसा रंग येऊ शकतो, म्हणून तर क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि जांभळा रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतोय का बघायचं हा टप्पा नंतर जोडला गेला. मोका ब्राउनीत कॉफी असतेच. त्यामुळे क्लोरोफॉर्म नाही तर टेस्ट नाही, असं समजा.

पंचनाम्यात "किटनं तपासले असता गांजा असल्याची खात्री झाली" असं वाक्य टाकू नका, "संशय आला" लिहा, खात्री लॅब करेल. ड्रग ओळखण्याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात कलर टेस्ट सगळ्यात खालच्या गटात येते, मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी वरच्या गटातली एक पद्धत आणि तिच्या जोडीला निदान एक वेगळ्या तत्त्वावरची पद्धत एवढं झालं की मगच ओळख पटली म्हणता येतं. हातात धरायचं रामन मशीन, जे लेझरच्या उजेडावरून पदार्थ ओळखतं, ते पण चॉकलेटवर फसतं, चॉकलेट स्वतःच इतकं चमकतं की खालचा सिग्नल बुडून जातो. आणि सरळ ब्राउनीचा तुकडा एफटीआयआरवर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी ओळखणाऱ्या मशीनवर, ठेवला तर साखर आणि फॅट दिसेल, दुसरं काही दिसणार नाही, त्यावरून निगेटिव्ह ठरवू नका.

जप्तीच्या वेळेलाच निम्मं बिघडतं

ओला, तुपकट, गरम पदार्थ थेट प्लास्टिकमध्ये कोंबून हीट-सील करणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. नमुना हीट-सील केलेल्या प्लास्टिक पिशवीत आणि ती कागदी पाकिटात ही पद्धत बरोबरच आहे, पण पदार्थ आधी गार होऊ द्या, फॉइलमध्ये गुंडाळा, मग पिशवी, आणि लगेच फ्रीज. लॅबला जायला चार दिवसांपेक्षा जास्त लागणार असतील तर डीप फ्रीजर. पातळ पदार्थ, ठंडाई, ताडी, सरबत, हे काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या बाटलीत टीएचसी भिंतीला चिकटून बसतं. उन्हात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं चॉकलेट वितळून परत घट्ट झालं की त्यातला माल कुठल्या कोपऱ्यात गोळा झाला सांगता येत नाही, शिवाय उजेड आणि उष्णतेनं टीएचसीचं हळूहळू कॅनाबिनॉल (सीबीएन) होतं आणि एलएसडी तर उजेडात नासतंच.

रॅपर फेकू नका. भांडं, गाळणी, लोण्याचा डबा, ओव्हनचा ट्रे, उरलेलं पीठ, सगळं वेगवेगळं घ्या. आणि शक्य असेल तिथे त्याच बेकरीतली साधी, संशय नसलेली ब्राउनी पण एक घ्या, तिला आम्ही कंट्रोल म्हणतो, ती असली की मशीनवरचं कुठलं पीक कोकोचं आणि कुठलं बाहेरचं हे दहा मिनिटांत कळतं, नसली की आम्ही बाजारातून दुसरी आणतो आणि मग कोर्टात वकील विचारतो की ही तीच बेकरी कशावरून.

नमुन्याचं वजन: एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे अफू, गांजा, चरस असेल तर किमान २४ ग्रॅम आणि बाकीच्यांसाठी ५ ग्रॅम, दोन प्रतींत, आणि हे कलम ५२-अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर. मोहनलाल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच हे मॅजिस्ट्रेटसमोरचं बजावून सांगितलंय तरी अजून जागेवरच तुकडे पाडून नमुने काढलेले येतात. एकसारख्या पाकिटांचे गट करायची मुभा आहे, साधारण दहा-दहाचे, गांजा-चरसला चाळीसपर्यंत, पण ती पाकिटं आकारानं, वजनानं, खुणेनं आणि किटच्या रिझल्टनं सारखी असतील तरच. घरगुती ब्राउनी कधीच सारख्या नसतात. एका ट्रेच्या कडेच्या तुकड्यात आणि मधल्या तुकड्यात माल वेगळा निघतो, लोणी नीट ढवळलं नसेल तर एकात भरपूर आणि शेजारच्यात नावाला. सगळ्यांचा एकत्र लगदा करून एक नमुना केला की कुठल्या पाकिटात होतं आणि कुठल्यात नव्हतं हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

वजन आणि "गांजा का चरस"

यावर थोडा वेळ काढतो कारण इथे माणसाचं आयुष्य बदलतं. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की ड्रगमध्ये मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचं वजन पण धरायचं, नुसतं शुद्ध ड्रगचं नाही. म्हणजे मैदा, साखर, कोको, अंडं सगळं वजनात येण्याचा प्रश्न उभा राहतो. आता गांजाची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे ज्यापुढे सगळ्यात कडक शिक्षा लागते ते वजन, २० किलो, चरसची १ किलो. समजा १० किलो ब्राउनी आहेत. त्यात गांजा आहे म्हटलं तर मधली क्वांटिटी, चरस आहे म्हटलं तर कमर्शियल, म्हणजे किमान १० वर्षांची शिक्षा आणि जामीन मिळणं महाकठीण. २०२१ मध्ये मुंबईत केंद्राच्या अमली पदार्थविरोधी विभागानं, एनसीबीनं, ब्राउनीच्या केसेस केल्या तेव्हापासून हा प्रश्न खरोखरचा झालाय, पुस्तकी राहिलेला नाही.

आणि गंमत नाही, अडचण अशी आहे की मशीनला गांजा (शेंडे) आणि चरस (राळ) यातला फरक कळत नाही, दोन्हीत टीएचसी, सीबीडी, सीबीएन हीच द्रव्यं. फरक कळू शकतो तो मायक्रोस्कोपखाली. ब्राउनीचा चुरा पाण्यात-सॉल्व्हंटमध्ये सोडवून गाळ बघायचा, त्यात पानाफुलाचे तुकडे, ग्रंथी असलेले केस, आणि ते आखूड वाकडे केस ज्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की त्यातून बुडबुडे येतात, हे दिसलं तर वनस्पतीचा भाग आहे एवढं म्हणता येतं. पण बारीक दळलेल्या पानांवरून ते शेंड्याचे होते का खालच्या पानांचे हे सांगता येत नाही, आणि कायद्यात शेंडे नसतील तर नुसतं पान म्हणजे भांग गांजात धरत नाहीत. ठंडाईच्या केसमध्ये नेमकं इथेच अडतं. लोण्यात उकळून गाळून घेतलेलं असेल तर वनस्पतीचा मागमूस पण नसतो. अशा वेळी जे दिसतं तेवढंच लिहा. "टीएचसी आढळले, वनस्पतीचे अवशेष आढळले नाहीत", बस. फिर्यादीत चरस लिहिलंय म्हणून रिपोर्टात चरस लिहू नका. कुणाचा फोन आला तरी नाही.

वजनाच्या फरकाचं पण एक आहे. ब्राउनीतलं पाणी उडतं, पंचनाम्यात ८३० आणि लॅबमध्ये ७९० ग्रॅम भरतं, मग बचाव पक्ष म्हणतो माल बदलला. त्यामुळे जागेवर पिशवीसकट आणि पिशवीशिवाय दोन्ही वजनं, काटा कुठला, किती दशांशाचा, हे लिहा, आणि लॅबनं पण उघडताना दोन्ही लिहायची.

अर्क काढताना

फॅटचं वर सांगितलं. टीएचसीसाठी मी स्वतः असं करतो: तुकडा ड्राय आइसबरोबर गोठवून दळायचा, कारण नुसता मिक्सरला लावला तर गोळा होतो आणि घर्षणानं गरम होऊन वितळतो. मग मेथनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये चांगलं हलवायचं, थोडा वेळ सोनिकेटर (ध्वनिलहरींनी हलवणारं मशीन), आणि तो अर्क रात्रभर उणे २० ला ठेवायचा. फॅट गोठून खाली बसतं, गार असतानाच सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्यायचं. खोलीत आणून चहा पिऊन मग सेंट्रिफ्यूज केलं तर फॅट परत विरघळलेलं असतं, मग मशीनच्या तोंडाशी असलेला लायनर काळा, कॉलम म्हणजे आतली नळी खराब आणि पुढच्या चार केसेसवर परिणाम.

चॉकलेट जास्त घेतलं म्हणजे ड्रग जास्त सापडेल असं वाटतं ना, उलटं होतं. २०१९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सॅन डिएगोच्या अधिवेशनात कॅलिफोर्नियातल्या एका लॅबच्या संशोधकांनी दाखवलं होतं की व्हायलमध्ये २ ग्रॅम चॉकलेट घेतलं तर टीएचसी कमी दिसतं, १ ग्रॅम घेतलं तर जास्त आणि जास्त नेमकं, कारण चॉकलेटमधलंच काहीतरी सिग्नल दाबतं. म्हणून स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचा माहीत प्रमाणाचा नमुना, नुसत्या मेथनॉलमध्ये बनवू नका, साध्या चॉकलेटच्या अर्कात बनवा. आणि एका साध्या ब्राउनीत माहीत असलेलं टीएचसी घालून ते किती परत मिळतंय बघा, ६० टक्केच मिळत असेल तर पद्धतच बदला.

गमी वेगळी. ती सरळ ॲसिटोनायट्राइलमध्ये टाकली तर रबरासारखी आक्रसते आणि आतलं आतच राहतं. आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग ॲसिटोनायट्राइल, मग मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून थर वेगळे करायचे.

अल्कलॉइडसाठी जुनी पद्धत अजून उत्तम चालते, आम्लयुक्त पाण्यात अर्क, हेक्झेननं फॅट धुवायचं (इथे हेक्झेन चालतं, कारण आम्लात ड्रग पाण्याच्या बाजूला राहतं), मग अमोनियानं पीएच ९ च्या आसपास आणून क्लोरोफॉर्ममध्ये ओढायचं. पण यातही अल्कलीत जास्त वेळ ठेवू नका, कोकेन तुटतं, हेरॉईन तुटून मोनोॲसिटिलमॉर्फिन आणि मॉर्फिन होतं, आणि मग तुम्ही रिपोर्ट लिहिता की हेरॉईन नव्हतंच. ओल्या पदार्थात हे आपोआप पण होतं.

ताडी

आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित विषय हा आहे. ब्राउनीला बातमी मिळते, ताडीला नाही, कारण पिणारा रोजंदारीवरचा माणूस असतो. ताडाचं झाड पुरत नाही म्हणून पाण्यात साखर, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही गुंगीची औषधं मिसळतात, वर्षानुवर्षं पिणाऱ्याला सवय लागते आणि एक दिवस दुकान बंद झालं की त्याला फिट येतात.

पहिली चूक, फक्त अल्कोहोल तपासून रिपोर्ट देणं. दुसरी, अल्कलॉइडच्याच पद्धतीनं सगळं करणं: अमोनिया-सोड्यात क्लोरल हायड्रेट तुटून क्लोरोफॉर्म होतं, आणि तुम्ही तर वरून क्लोरोफॉर्मच ओतताय, म्हणजे पुरावा गेला कामातून. त्याच्यासाठी वेगळा भाग आधी बाजूला काढा. फुजिवारा टेस्ट, पिरिडिन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम केलं की वरच्या थराला लाल-गुलाबी रंग, सोपी आणि संवेदनशील आहे, पण ती क्लोरोफॉर्मला पण तोच रंग देते! ज्या टेबलावर सकाळपासून क्लोरोफॉर्मनं काम चाललंय तिथे ही टेस्ट केली तर साधं पाणी पण पॉझिटिव्ह येईल. त्यामुळे ब्लँक, म्हणजे ड्रग नसलेला कोरा नमुना, लावल्याशिवाय फुजिवारा नाही, आणि हेडस्पेस जीसीवर (नमुन्यावरची वाफ तपासणारं मशीन) पक्कं केल्याशिवाय रिपोर्ट नाही.

अल्प्राझोलामची गोळीच पाव ते एक मिलिग्रॅमची, लिटरभर ताडीत काही मिलिग्रॅमच असणार, टीएलसीवर, म्हणजे प्लेटवर ठिपके वेगळे करायच्या साध्या टेस्टवर, दिसलं नाही म्हणून नाही म्हणू नका, एलसी-एमएस/एमएस हे जास्त संवेदनशील मशीन लागतं. आणि कायद्यानं फरक पडतो, अल्प्राझोलाम, डायझेपाम एनडीपीएसमध्ये येतात, क्लोरल हायड्रेट त्या यादीत नाही, तिथे दारूबंदी कायदा आणि विषप्रयोगाची कलमं बघावी लागतात, म्हणून "गुंगीचे द्रव्य आढळले" असं मोघम लिहून चालत नाही, कुठलं ते नाव पाहिजे. बाटली तोंडापर्यंत भरू नका, ताडी आंबतच राहते, गॅसनं बूच उडतं आणि सीलसकट पुरावा सांडतो. बर्फात पाठवा.

रेल्वेतलं बिस्कीट, चहा

शेजारचा गोड बोलून बिस्कीट देतो, जाग येते तेव्हा बॅग नाही. बहुतेक वेळा लोराझेपामसारखी गोळी असते, कधी धोतरा. इथे लॅबची चूक म्हणजे सगळं जीसी-एमएसवर टाकणं, लोराझेपाम गरम इंजेक्टरमध्येच तुटतं, एलसी वापरा, त्यात नमुन्याची वाफ करावी लागत नाही. रुग्णाच्या लघवीची साधी स्ट्रिप पण लोराझेपामला बरेचदा निगेटिव्ह येते कारण ते शरीरात ग्लुकुरोनाइडला जोडलेल्या रूपात बाहेर पडतं. दवाखान्यातल्यांची चूक म्हणजे पोट धुतलेलं पाणी आणि पहिली लघवी फेकून देणं. पहिल्या काही तासांतलं रक्त सोडियम फ्लोराइडच्या नळीत, लघवी शक्यतो पहिलीच, आणि खिशात राहिलेला बिस्किटाचा चुरा, चहाचा कप, पाकीट जपून. जुन्या दंड संहितेचं कलम ३२८ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १२३, त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण हे नमुने नसतील तर तपास पुढे सरकतच नाही.

निर्दोष माणूस अडकू नये

पॉझिटिव्ह चुकणं हे निगेटिव्ह चुकण्यापेक्षा मला जास्त छळतं. खसखस घ्या. खसखस अफूच्याच बोंडातली, दाण्यावर चीक लागून राहतो, त्यामुळे अनारशात किंवा खसखशीच्या खिरीत संवेदनशील मशीनवर मॉर्फिन, कोडीन दिसणं अगदी स्वाभाविक आहे. आपल्या कायद्यात बी वगळलंय. युरोपनं जुलै २०२२ पासून खसखशीवर मर्यादा घातली, किलोला २० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या हिशोबात, म्हणजे थोडं असणारच हे त्यांनी पण धरलंय. त्यामुळे मॉर्फिन दिसलं की लगेच "अफू मिसळली" लिहू नका, किती आहे मोजा, अफूत असणाऱ्या मेकॉनिक ॲसिड, नोस्कापिन, पापावेरिन, थिबेन यांचं आपसातलं प्रमाण बघा, साध्या खसखशीचा कंट्रोल लावा. मात्र आखातात जाणाऱ्यांनो, दुबईला खसखस चालत नाही, सिंगापूरलाही नाही, आईनं प्रेमानं दिलेले अनारसे आणि काळा मसाला नेताना हे लक्षात ठेवा, तिथे हा खुलासा कुणी ऐकणार नाही.

हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाच्या, बियांचं तसंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, एफएसएसएआयनं, २०२१ मध्ये त्यांना परवानगी दिली, त्यात किलोला काही मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी चालतं. म्हणजे चटणीत टीएचसीचं पीक आलं हा गुन्हा नाही, आकडा काय आलाय त्यावर आहे. मोजलंच नसेल तर रिपोर्ट अर्धवट आहे.

सीबीडी आणि टीएचसीचं आण्विक वजन सारखं, ३१४. मशीन दाखवतं त्या नुसत्या आयनच्या वजनावर जाऊ नका, कॉलमवर दोघं वेगळे झालेत का ते बघा, स्टँडर्डबरोबर वेळ जुळवा. आणि जीसीच्या गरम इंजेक्टरमध्ये टीएचसी-ॲसिडचं टीएचसी होतं, म्हणजे मशीननं दाखवलेलं सगळं टीएचसी खाण्यात होतंच असं नाही, आकडा द्यायचा असेल तर एलसी.

अजून एक, लॅबच्या आतली घाण. सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावाशेवा बंदरात दिल्ली पोलिसांनी ज्येष्ठमधाचा कंटेनर पकडला, २० टनांच्या वर ज्येष्ठमध आणि त्यावर हेरॉईनचा लेप, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अटारीला पण ज्येष्ठमधाच्याच मालात १०२ किलो हेरॉईन सापडलं होतं. अशा मालाची कांडी ज्या काट्यावर तोलली त्याच काट्यावर दुपारी कुणाच्या तरी लाडवाचा तुकडा ठेवला तर लाडवात हेरॉईन निघणार. ढोबळ माल आणि अंशमात्र शोधायचे नमुने यांची खोली, काटा, ग्लासवेअर, कोट सगळं वेगळं, आणि प्रत्येक नमुन्याच्या आधी मशीनवर ब्लँक. लेपाच्या मालात आणखी एक लक्षात ठेवा, कांडी पूर्ण दळू नका, वरचा लेप आणि आतलं खोड वेगळं तपासा, नाहीतर भिनलंय का फासलंय हे सांगता येणार नाही.

मशीनवर असं दिसलं तर

काहीच नाही दिसलं आणि माणूस तर बेशुद्ध पडला होता: तुम्ही ठरावीक चार ड्रगच शोधताय का बघा, पूर्ण स्कॅन लावा, हल्ली गमीत टीएचसीऐवजी सिंथेटिक कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखी नशा देणारी कृत्रिम रसायनं, येतात, ते गांजाच्या कलर टेस्टला दिसत नाहीत.

आलेखाच्या शेवटाकडे मोठा डोंगर: ते फॅटी ॲसिड, गोठवणं नीट झालं नाही. पीक दरवेळी पुढे-मागे सरकतंय: लायनर बदला, कॉलमचा पहिला अर्धा हात कापा, मग तोच नमुना परत. नुसतं सीबीएन, टीएचसी जवळपास नाही: माल जुना किंवा उन्हात राहिलेला, तसं लिहा. हेरॉईन नाही पण मोनोॲसिटिलमॉर्फिन आहे: वर सांगितलं तसं ते तुटलंय, खसखशीतून ते येत नाही, त्यामुळे हा धागा सोडू नका.

रिपोर्ट लिहिताना "आढळले नाही" लिहिलं तर त्याच्या पुढे कुठल्या पद्धतीनं आणि किती कमीत कमी प्रमाणापर्यंत शोधलं ते पण लिहा. आणि दुसरी प्रत, डुप्लिकेट नमुना, तो फ्रीजरमध्येच ठेवा. थाना सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय की फेरतपासणीची मागणी रिपोर्ट मिळाल्यापासून १५ दिवसांत करता येते, ती पण अपवादात्मक कारण असेल तरच. कोर्टानं ती मंजूर केली आणि आपण कपाट उघडलं तर पिशवीत नुसती बुरशी, असं मी एकदा पाहिलंय, आरोपी एकवीस वर्षांचा होता, त्याचे वडील बाहेर बाकावर बसले होते आणि मला त्यांना काय सांगावं ते कळलं नाही.